कांद्याचा बफर साठा होतो, मग मास्क-हातमोज्यांचा का नाही? आणीबाणीच्या संरक्षण साठ्याचं गणित, सोप्या भाषेत

ओझर (ता. निफाड) : मार्च २०२० चा शेवटचा आठवडा आठवा. द्राक्षं वेलीवर, गाड्या बंद, बाजार समित्यांचं काही खरं नाही. २९ मार्चला नाशिक जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण सापडला तो शहरात नाही, तर आपल्याच निफाड तालुक्यात, लासलगावजवळ. त्यानंतर घरोघर कोण गेलं? आशा ताई गेल्या. सिस्टर गेल्या. ग्रामपंचायतीचे कर्मचारी पाठीवर पंप लावून गल्लीबोळात औषध फवारत होते. तोंडाला काय, तर बऱ्याच ठिकाणी ओढणी नाहीतर रुमाल. हातात हातमोजे असले तर असले.

त्या वेळी सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, ‘वरून माल आला नाही.’ हा ‘वरून येणारा माल’ म्हणजे नक्की काय, तो कुठे ठेवलेला असतो, कोणाच्या पैशातून घेतात, आणि उद्या पुन्हा अशी वेळ आली तर आपल्या गावातल्या आशा ताईला पहिल्या दिवशी मास्क मिळेल का, हे समजून घ्यायला हवं. कोरोना मागे पडला म्हणून हा विषयही मागे पडला. पण साठा करायचा असतो तो शांततेच्या काळातच.

साठा म्हणजे गोडाऊन नव्हे

कांदा उत्पादकाला बफर साठा हा शब्द नवा नाही. केंद्र सरकार नाफेड आणि एनसीसीएफ मार्फत आपल्याच जिल्ह्यातून कांदा घेतं, साठवतं आणि भाव चढले की बाजारात सोडतं. २०२३ मध्ये आधी ३ लाख टनांचं उद्दिष्ट होतं, ते वाढवून ५ लाख टन केलं. त्या खरेदीवर शेतकऱ्यांचा राग आहे तो आहेच, तो वेगळा विषय. पण मुद्दा हा, की शहरात कांद्याची टंचाई होऊ नये म्हणून सरकार आधीपासून माल धरून ठेवतं.

संरक्षण साहित्याचा आणीबाणी साठा तसाच असतो. मास्क, एन-९५, हातमोजे, गॉगल, फेस शील्ड, अंगभर घालायचा कव्हरऑल म्हणजे ज्याला सगळे ‘पीपीई किट’ म्हणतात तो, बूट, सॅनिटायझर. संकट आलं की कारखाने वेग घेईपर्यंत मधले २-३ महिने जे निघायचे असतात, त्यासाठी हा माल. जगात एकाच वेळी सगळ्यांना तीच वस्तू हवी असते, तेव्हा पैसे असूनही ती मिळत नाही. २०२० मध्ये नेमकं हेच झालं. जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्च २०२० रोजीच इशारा दिला होता, की जगाला दर महिन्याला ८ कोटी ९० लाख मास्क आणि ७ कोटी ६० लाख हातमोजे लागतील, उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवा.

आणि हा साठा फक्त डॉक्टरसाठी नाही. अत्यावश्यक सेवेत कोण कोण येतं ते बघा. आशा, एएनएम, अंगणवाडी सेविका, १०८ चे ड्रायव्हर, पोलीस, होमगार्ड, पोलीस पाटील, घंटागाडीवाले, गटारी काढणारे, स्मशानभूमीत काम करणारे, महावितरणचे वायरमन, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी. बाजार समितीतले हमाल-मापारी पण यातच धरायला पाहिजेत, कारण लॉकडाऊनमध्ये भाजीपाला आणि धान्य चालू राहिलं ते त्यांच्या खांद्यावर.

२०२० ला कोठारात काय होतं?

जवळपास काहीच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. देशात पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात सापडला. दुसऱ्याच दिवशी केंद्राने मास्क आणि संरक्षक कपड्यांची निर्यात बंद केली. मग ८ दिवसांत सर्जिकल मास्क आणि हातमोज्यांना सूट दिली, फेब्रुवारीच्या शेवटी आणखी ढिलाई दिली, आणि १९ मार्चला पुन्हा मास्क आणि त्याच्या कापडाची निर्यात बंद. हे वाचून कांदा उत्पादकाला ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की इथे ढिलाई दिलेले आठवडे नंतर महागात पडले.

१३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणले. तीन पदरी मास्कला १० रुपये, सॅनिटायझरच्या २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. किंमत ठरली, पण दुकानात माल नव्हता.

आरोग्य मंत्रालयाचा ६ एप्रिल २०२० चा आकडा बघण्यासारखा आहे. तोपर्यंत देशात ३ लाख ८७ हजार ४७३ पीपीई किट उपलब्ध होते. त्या दिवशी चीनकडून देणगी म्हणून १ लाख ७० हजार कव्हरऑल आले, देशातले २० हजार, असे मिळून १ लाख ९० हजार वाटायला निघाले. सव्वाशे कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशात. एक किट एकदाच वापरायचं असतं हे लक्षात ठेवा, म्हणजे हा आकडा किती छोटा आहे ते कळेल. चीनमधून आलेल्या मालातले हजारो किट आपल्याकडच्या चाचणीत नापास झाल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या.

पुढचं कामही सांगायला हवं, कारण ते खरोखर मोठं होतं. जो देश किट बनवतच नव्हता, तिथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत दिवसाला २ लाख किट आणि २ लाख एन-९५ तयार व्हायला लागले. कपड्यातून रक्त आरपार जातं का हे तपासायला कोइम्बतूरची सिट्रा ही संस्था आणि ग्वाल्हेरची डीआरडीओची प्रयोगशाळा पुढे आली. खरेदी एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीमार्फत झाली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत केंद्राने राज्यांना ३ कोटी ४ लाखांवर एन-९५ आणि १ कोटी २८ लाखांवर किट फुकट दिले.

म्हणजे माल आला. पण उशिरा आला. मधल्या ८-१० आठवड्यांत ज्यांना उघड्या तोंडाने काम करावं लागलं, त्याचा हिशोब मालेगावात दिसतो. ८ एप्रिलला तिथे पहिले रुग्ण सापडले आणि काही आठवड्यांतच बंदोबस्ताला गेलेले पोलीस आणि राज्य राखीव दलाचे जवान मोठ्या संख्येने आजारी पडले. आपल्या ग्रामीण पोलीस दलातली, आपल्याच तालुक्यांत राहणारी ही माणसं. शेजारच्या घरात त्यांची पोरंबाळं होती.

केंद्राने ३० मार्चपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचं विमा कवच दिलं, त्यात आशा ताईंचाही समावेश होता. चांगली गोष्ट. पण मेल्यावर ५० लाख आणि जिवंतपणी ४ रुपयांच्या मास्कसाठी थांबा, हा हिशोब कोणालाच पटणारा नाही. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. त्यांच्या मागण्यांत मानधन होतं, तसंच संरक्षण साहित्य पण होतं.

पैसा होता का? कायदा होता का?

दोन्ही होतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. याच कायद्याचं कलम ५० सांगतं, की आपत्तीत तातडीने माल लागला तर टेंडर न काढता खरेदी करता येते. त्यामुळे ‘टेंडर झालं नाही म्हणून मास्क नाही’ हे उत्तर आपत्तीच्या काळात टिकत नाही.

पैशाचं म्हणाल तर १४ मार्च २०२० रोजी केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधी कोरोनासाठी वापरायला परवानगी दिली. हा निधी महाराष्ट्रासारख्या राज्यात ७५ टक्के केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. त्यातून संरक्षण साहित्य, थर्मल स्कॅनर, व्हेंटिलेटर अशी साधनं घेता येतील, पण वर्षाच्या तरतुदीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, अशी अट होती.

आता या आदेशातली एक ओळ नीट वाचायला पाहिजे. संरक्षण साहित्य कोणासाठी, तर आरोग्य, नगरपालिका, पोलीस आणि अग्निशमन यंत्रणेसाठी. यात ग्रामपंचायत हा शब्द नव्हता. म्हणजे शहरातला झाडूवाला यादीत, गावातला नाही. बाजार समितीचा हमाल तर दूरच. ग्रामपंचायतींनी मग स्वनिधीतून, वित्त आयोगाच्या पैशातून सॅनिटायझर आणि मास्क घेतले. उमेदच्या बचत गटातल्या बायकांनी रात्रंदिवस मशीन चालवून कापडी मास्क शिवले. गाव आपल्या आपण उभं राहिलं, असं कौतुक झालं. खरं म्हणजे यादीत नाव नव्हतं म्हणून उभं राहावं लागलं.

साठा करूनही फसलेले देश

आपल्याकडे साठाच नव्हता. पण ज्यांच्याकडे होता त्यांचं काय झालं हे बघितलं, तर दुसरा धडा मिळतो.

अमेरिकेचा राष्ट्रीय साठा १९९९ पासून आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत त्यातले साडेआठ कोटी एन-९५ वाटले आणि नंतर ते पुन्हा भरलेच नाहीत. २०२० ला मोजदाद केली तर सुमारे १ कोटी २० लाख निघाले. आणि महामारी पूर्ण भरात आली तर गरज ३५० कोटींची असेल, असा त्यांचाच अंदाज होता. फ्रान्सकडे १० वर्षांपूर्वी दीड अब्जावर मास्क होते, खर्च वाचवायचा म्हणून ते कमी कमी होत २०२० च्या सुरुवातीला सर्जिकल मास्क १२ कोटींच्या आत आले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने सार्सच्या साथीनंतर साडेपाच कोटी एन-९५ घेऊन ठेवले होते. ते गोदामातच मुदतबाह्य झाले आणि बहुतेक नष्ट करावे लागले. ब्रिटनने तर २०२० मध्ये घाबरून इतकी खरेदी केली, की पुढे ४ अब्ज पौंडांचा माल वापरण्यालायक नाही म्हणून ठरला आणि त्यातला बराचसा जाळण्याची पाळी आली.

या सगळ्यातून शहाणं होऊन एक वेगळा कायदा केला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने, सप्टेंबर २०२० मध्ये. महामारीत ९० दिवस पुरेल एवढा साठा राज्य सरकारने ठेवायचा, आणि तो फक्त डॉक्टर-नर्ससाठी नाही तर इतर अत्यावश्यक कामगारांसाठी पण. शिवाय मोठ्या दवाखान्यांनी स्वतःचा ४५ दिवसांचा साठा वेगळा ठेवायचा. किती दिवसांचा आणि कोणासाठी, या दोन गोष्टी कायद्यातच लिहिल्या. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या जैविक आपत्तीच्या मार्गदर्शक सूचना २००८ पासून आहेत, त्यात संरक्षण साहित्याचा विषय आहे. पण मार्गदर्शक सूचना आणि कायदा यात फरक असतो. सूचना पाळली नाही तर कोणाला काही विचारत नाहीत.

कांदाचाळीत जे कळतं तेच इथे

मास्क म्हणजे काही नाशवंत माल नाही, खोक्यात ठेवला की झालं, असं वाटतं. तसं नाही. एन-९५ ची मुदत साधारण ५ वर्षं असते. त्यानंतर आधी जातो तो इलास्टिक पट्टा, ताणला की तुटतो, मग चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने हवा शिरते. लॅटेक्सचे हातमोजे उन्हाने आणि उष्णतेने चिकट होतात, बोट घातलं की फाटतात. सॅनिटायझर तर पेटणारी वस्तू, तो कागदाच्या खोक्यांशेजारी ठेवायचाच नसतो.

आणि आपल्याकडचं हवामान बघा. थंडीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या येतात, एप्रिल-मेमध्ये तोच चाळिशीकडे जातो. पत्र्याच्या खोलीत, फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली खोकी पहिल्याच पावसाळ्यात ओल धरतात. कांदाचाळ जमिनीपासून उचलून का बांधतो? खालून हवा खेळावी म्हणून. चाळीतून कांदा काढताना आधी कोणता काढतो? जो आधी सडणार तो. सरकारी भाषेत याला ‘आधी मुदत संपणारा आधी बाहेर’ म्हणतात, पण शेतकऱ्याला हे शिकवायची गरज नाही.

साठा टिकवायची खरी युक्ती हीच आहे. माल कुलूपबंद ठेवून १० वर्षं वाट बघायची नाही. मोठ्या दवाखान्यात रोज हातमोजे आणि मास्क लागतातच. आणीबाणीच्या साठ्यातला माल मुदत संपायच्या वर्षभर आधी रोजच्या वापराला काढायचा आणि त्याच्या जागी नवा भरायचा. पैसे तेवढेच लागतात, कारण तो माल नाहीतरी घ्यायचाच होता. मात्र त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांच्यात माल इकडून तिकडे फिरायला हवा. राज्यात औषधांच्या साठ्यासाठी ई-औषधी ही संगणक प्रणाली आहेच, आणि खरेदीसाठी २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. त्याआधी हे काम हाफकिनकडे होतं. यंत्रणा नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

नाहीतर काय होतं? माल मुदतबाह्य होतो, मग त्याचं निर्लेखन करायला कोणी सही करत नाही, कारण सही केली की चौकशी मागे लागते. खोकी तशीच पडून राहतात, नोंदवहीत साठा ‘उपलब्ध’ दिसतो, आणि गरज पडते तेव्हा पट्टे तुटलेले मास्क हातात येतात. शून्य साठ्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. शून्य असतं तेव्हा निदान मागणी तरी केली जाते.

बर्ड फ्लूने काय शिकवलं

कोरोना ही आपल्या भागातली पहिली वेळ नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो उत्तर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. कोंबड्या मारून पुरायच्या कामाला पशुवैद्यकीय कर्मचारी आणि मजूर अंगभर पांढरे कपडे, गॉगल, मास्क घालून पोल्ट्री शेडमध्ये उतरले. ग्रामीण महाराष्ट्राने पीपीई किट पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. २०२१ च्या सुरुवातीला नवापुरात पुन्हा तेच. म्हणून बर्ड फ्लूच्या सरकारी कृती आराखड्यात शीघ्र कृती पथकं आणि त्यांच्यासाठी किटची तरतूद लिहिलेली आहे. पशुसंवर्धन खात्याला जे सुचलं ते माणसांच्या बाबतीत सुचायला १४ वर्षं आणि एक महामारी लागली, ही गंमत म्हणायची की काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. निफाड-दिंडोरीत पोल्ट्री शेड काही कमी नाहीत. शेडवर काम करणाऱ्या मजुराला किट कुठून मिळेल हे आधी माहीत असलेलं बरं.

मध्ये २००९ पण येऊन गेलं. ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, देशातला पहिला. लगेच दुकानांतले मास्क संपले आणि लोक रुमाल बांधून फिरायला लागले. साथ ओसरली, विषय संपला.

इथे एक जाता जाता. २०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. आपल्याकडे द्राक्षाला फवारण्या किती होतात ते सांगायला नको. कोरोनाच्या काळात घेतलेले एन-९५ अनेकांनी फवारणीला वापरले. एन-९५ धूळ आणि थेंब अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा, कार्ट्रिजवाला मास्क लागतो. गटारी काढणाऱ्याला गमबूट आणि जाड रबरी हातमोजे लागतात, वायरमनला विजेचे रबरी हातमोजे. एकच किट सगळ्यांना वाटून फोटो काढला म्हणजे संरक्षण झालं असं होत नाही.

एका गावाचा हिशोब

आता प्रश्न पैशाचा. ५ हजार लोकवस्तीचं गाव धरू. हजारी एक याप्रमाणे ५ आशा, अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस मिळून १०, सफाई आणि पाणीपुरवठ्याचे ६, आरोग्य उपकेंद्राचे २, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील. एकूण २५ माणसं धरली. प्रत्येकाला रोज २ तीन पदरी मास्क, ९० दिवस. झाले ४ हजार ५०० मास्क. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने तीन पदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये आणि एन-९५ ची १९ ते ४९ रुपये ठरवली होती, तोच भाव धरू. मास्कचे झाले १८ हजार. यातल्या १० जणांना रुग्णाच्या जवळ जावं लागतं, त्यांना ५ दिवसाला एक एन-९५ दिला तर १८० लागतील. महागातला, ४९ चा धरला तरी ८ हजार ८२० रुपये. दोन्ही मिळून २६ हजार ८२०.

हातमोजे आणि सॅनिटायझर वेगळे. तरीही एका एकर द्राक्षबागेच्या हंगामभराच्या फवारणीपेक्षा हा खर्च कमीच भरतो. आणि हा माल ५ वर्षं चालतो.

एवढा पैसा गावात येतो का? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो. वित्त आयोगाच्या अनुदानात अबंधित भाग असतो, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१-२२ पासूनच्या ५ वर्षांसाठी देशातल्या स्थानिक संस्थांना फक्त आरोग्यासाठी ७० हजार ५१ कोटींची शिफारस केली होती, त्यातला बहुतेक उपकेंद्रं आणि तपासणीच्या सोयींसाठी. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘आरोग्य कर्मचारी व सफाई कामगार संरक्षण साहित्य’ अशी एक ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो.

ओझर शहराचं थोडं वेगळं आहे. ओझरला आता ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद आहे. त्यामुळे इथल्या सफाई कामगारांना नागरी संस्थांसाठीच्या योजना लागू होतात. केंद्राची ‘नमस्ते’ योजना २०२३ पासून सुरू आहे. त्यात गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी, पीपीई किट, प्रशिक्षण आणि आयुष्मान कार्ड आहे. नोंदणी झाली तरच किट मिळतं. खासगी टँकरवर काम करणारा मजूर असला तरी त्याची नोंद होऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दीक्षी, दात्याणे, सुकेण्यासारख्या आजूबाजूच्या गावांना मात्र ग्रामपंचायतीचाच रस्ता.

बघायचं कसं, विचारायचं कोणाला?

प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा नोंदवही असते आणि ती औषध निर्माण अधिकारी ठेवतात. माल कधी आला, किती आला, मुदत कधी संपते, किती वाटला, हे त्यात असतं. भांडायला जाऊ नका, कारण तिथले कर्मचारी स्वतःच या तुटवड्यात भरडले गेलेले असतात. सरपंच किंवा आरोग्य समितीच्या सदस्याला सोबत घेऊन विचारलं तर बहुतेक वेळा माहिती मिळते.

नाही मिळाली तर माहिती अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनीच तो ५ दिवसांत बरोबर ठिकाणी पाठवायचा असतो. अर्जात ‘साठा का नाही’ असं विचारू नका, ‘का’ चं उत्तर देत नाहीत. ‘आजच्या तारखेला एन-९५ मास्क, तीन पदरी मास्क, हातमोजे व कव्हरऑल यांची शिल्लक, मुदत संपण्याच्या तारखेसह, साठा नोंदवहीच्या पानाची प्रत’ असं मागा. शिवाय जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला खुले ठेवण्याचा शासन निर्णय २०१८ चा आहे. त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात.

माल हातात आला तर खोक्यावर बघायच्या गोष्टी तीन. बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. भारतीय मानक क्रमांक, एन-९५ प्रकारच्या मास्कला आयएस ९४७३, सर्जिकल मास्कला आयएस १६२८९, कव्हरऑलला आयएस १७४२३. आणि झडप. पुढे प्लास्टिकची झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास तसाच बाहेर सोडतो. जुलै २०२० मध्ये केंद्राने असे मास्क वापरू नका असं राज्यांना कळवलं होतं. तरी ते अजून विकले जातात, दिसायला भारी असतात म्हणून.

२०२७ जवळ आलंय

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये भरतोय. ओझरचं विमानतळ आणि मुंबई-आग्रा महामार्ग, दोन्ही आपल्या दारात. देशभरातून येणारी माणसं इथूनच उतरणार आणि इथूनच जाणार. रस्ते, घाट, पूल यांची कामं सगळ्यांना दिसतात. गर्दीत साथ पसरली तर ओझर, पिंपळगाव, आडगाव या पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रांचे कर्मचारी, पोलीस आणि सफाई कामगार पहिल्या दिवसापासून कामाला लागतील. त्यांच्यासाठीची खोकी आत्ता घेतली तर मुदत २०३० च्या पुढे जाते.

जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा दरवर्षी अद्ययावत करायचा असतो, तो बहुतेक पावसाळ्याच्या आधी होतो. त्यात बोटी, लाइफ जॅकेट, दोर, जेसीबी यांची यादी तालुकावार असते. त्याच यादीत मास्क, हातमोजे आणि किटचा रकाना, किती दिवस पुरेल आणि कोणकोणत्या कर्मचाऱ्यांसाठी या दोन नोंदींसह, यावा यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. ठरावात ग्रामपंचायत कर्मचारी आणि बाजार समितीचे हमाल-मापारी हे शब्द स्पष्ट लिहायचे. १४ मार्च २०२० च्या यादीत ते नव्हते.